पहिला ठसा धुळीचा

रबरी शिक्क्यांच्या दुकानात नॅनो तंत्रज्ञान चालतं, असं गोंदियात कोणाला सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग पत्ता विचारायचे. रीनाला त्या हसण्याचा मनस्वी राग यायचा. नागपुरात एम.एस्सी. करताना तिने असले अतिसूक्ष्म ठसे उमटवणारं परदेशी यंत्र काचेआडून पाहिलं होतं. हात लावायची परवानगी फक्त साहेबांना. तेव्हाच तिच्या डोक्यात भूत शिरलं, की हे काम आपल्या बाबांच्या शिक्क्यांच्या दुकानातल्या हातप्रेसवर करून दाखवायचं.

आणि २०१२ साली तिने ते केलंही. डीव्हीडीची चकती सोलली की आत केसाच्या शंभराव्या हिश्शाइतक्या बारीक रेघा असतात. त्यांचे तुकडे जोडून तिने धानाची लोंब रचली, तिच्यावरून सिलिकॉन रबराचा साचा काढला आणि तो प्लास्टिकच्या पट्टीवरच्या, उजेडात घट्ट होणाऱ्या डिंकाच्या पातळ थरावर प्रेसने दाबून तो थर निळ्या दिव्याखाली कडक केला. पट्टी कलती केली की लोंब हिरव्याची तांबडी व्हायची. झेरॉक्स काढली तर नुसता काळा डाग.

गिऱ्हाईक मात्र एकही नव्हतं. पहिले आले ते तिरोड्याचे भुवनेश्वर पटले, धानाचं बियाणं तयार करणाऱ्या शेतकरी मंडळाचे अध्यक्ष. गेल्या हंगामात कोणीतरी त्यांच्या मंडळाच्या नकली थैल्या बाजारात खपवल्या होत्या. खऱ्या थैल्यांवर लावायला त्यांना अशी नक्कल न होणारी पट्टी हवी होती. हे काम हातचं गेलं तर रीनाला पुन्हा ग्रामपंचायतींचे शिक्के कापत बसावं लागणार होतं.

नेमकी समोरची राइस मिल चालू होती आणि हवेत कोंडा उडत होता. पहिल्या पट्टीवर ठिपकेच ठिपके. अशा कामाला बिनधुळीची खोली लागते असं असल्याच पट्ट्या विकणारी नागपूरची कंपनी म्हणते, ते काही खोटं नाही, असं म्हणत भुवनेश्वरभाऊ उठलेच. रीनाने त्यांना पुन्हा बसवलं. नवा शिक्का आधी रद्दीवर मारायचा, ही तिच्या बाबांची, देवीदास यांची, जुनी रीत. साच्यावरची धूळ पहिला डिंक स्वतःला चिकटवून नेतो, हे तिने त्यातूनच हेरलं होतं. दुसरी पट्टी बरी निघाली. तिसरी अशी, की भुवनेश्वरभाऊ ती उन्हात धरून लहान पोरासारखे हलवत बसले.

मग घसा खाकरून त्यांनी तिला पूर्ण नाव विचारलं. ते कशासाठी विचारतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. रीना देवीदास मेश्राम, तिने सांगितलं, आडनावावर जोर देऊन.

“माल एक नंबर हाय,” भुवनेश्वरभाऊ प्रेसपाशी उभ्या असलेल्या बाबांना म्हणाले. “पन पट्टीवर दुकानाचं नाव नोको टाकू. नागपूरचा माल हाय म्हनून सांगतो. लोक काय बोलून राहिले, तुले मालूम हाय.”

रीनाला वाटलं, बाबा मान हलवणार. जन्मभर त्यांनी सरपंचांची, हेडमास्तरांची, मॅनेजरांची नावं उलटी कोरली होती आणि कधी ब्र काढला नव्हता. पण बाबांनी प्रेसचा दांडा वर करून ठेवला.

“मंग थैल्या कोऱ्याच ने, भाऊ. नाव नाई तं ठसा नाई.”

काम गेलंच, असं रीनाला वाटलं, तरी बापाच्या अभिमानाने तिचा ऊर भरून आला.

मोटारसायकलपर्यंत गेलेले भुवनेश्वरभाऊ परत आले. पेरणी तोंडावर होती आणि नकलीवाले काही स्वस्थ बसणार नव्हते.

“बरं, टाका नाव,” ते म्हणाले. “पन जरा बारीक अक्षरात टाका.”

रीनाला हसू आलं.

“भाऊ, मी इतकं बारीक अक्षर काढू शकते, का साऱ्या जिल्ह्यात कोनाले दिसनार नाई. तोच माहा धंदा हाय. पन नाव मोठंच राहील.”