चिचुंद्रीची चार अक्षरं

आमच्या प्रयोगशाळेत रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एका नळीत थुंकावं लागतं. पुढे एखाद्या नमुन्यात माणसाचा डीएनए मिसळलाच, तर तो कुणाचा हे त्या थुंकीशी ताडून कळतं. चोर आधी पकडून ठेवायचा, चोरी मागाहून.

माझं काम म्हणजे दोनशे सस्तन प्राण्यांचे जीनोम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या अख्ख्या माळा, एकाखाली एक मांडायचे आणि कुणीच न बदललेली अक्षरं शोधायची. देवमाशापासून वटवाघळापर्यंत कोट्यवधी वर्षं जे कुणी हलवलं नाही, ते कामाचं असणार, हा त्यामागचा तर्क. असा एक तुकडा होता. त्यात फक्त माणसाची चार अक्षरं वेगळी होती. परवा नेमकी तीच चार चिचुंद्रीत निघाली.

सर हरखले. माणूस आणि चिचुंद्री उत्क्रांतीत एकाच वाटेने गेल्याचा शोधनिबंध त्यांनी लिहायलाच घेतला. माझी नोकरी महिनाअखेर संपत होती, आणि मुदतवाढीच्या कागदावर सही त्यांची हवी होती. नेमकी तेव्हाच मला अवदसा आठवली. मी चिचुंद्रीला थुंकीशी ताडून पाहिलं.

नमुन्यात माणूस होता. आमच्यापैकी कुणी नव्हता, पण सरांशी बरोबर अर्धा जुळत होता. आई, वडील किंवा मूल. त्यातही बाई. वडील बाद झाले. सरांचं लग्न कामाशी झालेलं, आणि त्यातून अजून काही मूलबाळ झालेलं नव्हतं.

तोंड मिटून बसलो असतो तर सही पक्की होती. पण ती माउली तिथे पोचली कशी, हे कळल्याशिवाय मला घास गिळवेना.

"सर," मी म्हणालो, "चिचुंद्रीत तुमच्या आई आहेत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडे दोनदा पाहिले. मग हळूच कबूल केलं की मागे इथला फ्रीज बंद पडला होता तेव्हा, आमच्यावर भरवसा नसल्याने, तो नमुना, म्हणजे चिचुंद्रीच्या शेपटीचा तुकडा, त्यांनी स्वतःच्या घरी ठेवला होता. मिठाच्या पाण्यात, डबीत. त्यांनी आईला फोन लावला.

"खारवलेलं काहीतरी होतं," पलीकडून आवाज आला. "खराब झालंय का म्हणून जिभेला लावलं. मीठ फार होतं रे."

मग फेकलं का नाही, असं सरांनी विचारलं. कुणीतरी कष्टाने केलेलं असणार, म्हणून झाकण लावून परत ठेवलं, असं उत्तर आलं.

सरांनी निबंध बाजूला सारला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी टेबलावरचा माझा कप पिशवीत भरायला घेतला. त्यांनी सही केली.

"तूच उकरलंस ना? आता दुसरी शेपटी आणून तूच निस्तर."

नियम तो नियम, म्हणून दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे सरांच्या आई, थुंकायला आल्या. तो न बदललेला तुकडा नक्की काय करतो, असं त्यांनी मला विचारलं. माहीत नाही म्हणालो. एवढं शिकून माहीत नाही म्हणजे कमाल आहे, असं म्हणून त्यांनी नळीला घट्ट झाकण लावलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या चिचुंद्रीचं वाचन आलं. ती चार अक्षरं इतर सगळ्या प्राण्यांसारखीच होती. मात्र जरा पुढचं, पाचवं अक्षर वेगळं होतं. त्या जागी असं अक्षर दोनशे प्राण्यांत कुणाचंच नाही.

मी ते सगळ्यांच्या थुंकीशी ताडलं. काकूंच्याही. कुणाचंच नाही.

खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागलो.