हिरॉईनची मिशी

पडायचं काम मला येतं, सिनेमातलं बाकी काही विचारू नका. सुरतेत गुजराती पिक्चरचं शूटिंग लागलं की फाईट मास्तर आमच्या लिंबायतीच्या वस्तीत निरोप धाडायचा. हिरोच्या जागी जिन्यावरून गडगडायला, काचेतून पडायला सुकदेव कधी नाही म्हणत नाही, हे त्याला ठाऊक. कापडाच्या लूमवर उभं राहून सुजलेले पाय घेऊन मी जायचो. तोंड तेवढं कॅमेऱ्याला दाखवायचं नाही. नाहीतरी या तोंडाचं कुणाला काय पडलंय!

सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढच्या साली मास्तर म्हणाला, "सुकदेव, इस बार हिरॉईन का डुप्लिकेट. मूंछ निकाल." मी अंगानं किडकिडीत, म्हणून. पलसाण्याच्या एका बंगल्याच्या गच्चीवरून घागरा घालून उडी मारायची. खाली साड्यांचे रिकामे खोके, वर गादी.

आता आमच्या खान्देशात मिशी काढतात ती बाप गेल्यावर. आणि माझा बा, उखा, घरात खाटेवर बसलेला. दम्यानं बेजार, पण जिवंत. त्याच्या औषधासाठीच तर ही उडी होती. काढली मिशी. काय करू?

तोंडाला रुमाल बांधून घरी निघालो, म्हटलं दाढ दुखते सांगू. गल्लीच्या नळावर पाणी प्यायला रुमाल खाली केला आणि शेजारच्या मंगलाबाईनं नेमकं पाहिलं. कळशी टाकून तिनं तिथंच हंबरडा फोडला, "उखाबाबा गया वं माय!"

गल्लीतल्या बाया रडत आमच्या दारात. आत बा बशीतून चहा पितोय! एकीला हसू फुटलं, मग सगळ्याच हसल्या. बा तेवढा हसला नाही. माझ्या ओठाकडे बघत म्हणाला, "मी मरसू तवय काय काढशी रे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुन्हा वस्तरा लावणार नाही, तुझ्या गळ्याशपथ, असं म्हणून त्याचे पाय धरले.

पण आमचं नशीब! मिशी भरत आली आणि मास्तरचा माणूस दारात. उडीत विग उडाला होता आणि पडद्यावर हिरॉईनच्या डोक्यावर माझं टक्कल दिसत होतं. उडी परत मारायची, आणि ती मीच. मी त्याला चार शिव्या घातल्या. खाटेवरून बा सगळं ऐकत होता.

"जाय," तो म्हणाला. "काढी टाक. मिशी येस तवलोंग मी थांबसू."

गेलो. या खेपेला कंबर खोक्याच्या कडेवर आपटली, ती अजून दुखते.

मग बाचा नेमच झाला. सकाळी हात लांबवायचा, माझ्या ओठावरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "अजून नही." त्याचं खाणं सुटलं. आडवं होता येईना, म्हणून उशीला टेकून बसूनच झोपायचा. दवाखान्यातून घेऊन जा म्हणाले. तरी सकाळ झाली की बोट ओठावर.

एक दिवस ते बोट मिशीवरून हळूहळू इकडून तिकडे गेलं. "झाई आते," बा म्हणाला. मिशी भरली, आता जायला मोकळा, अशा समाधानानं म्हणाला.

मी उठलो, मोरीत गेलो, साबण फासला आणि मिशी सफाचट केली. बायको, कुसुम, चुलीपासून उठून आली. "आज कुठं शूटिंग?"

"कुठंच नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि उंबऱ्यावरच बसली.

मी बाजवळ गेलो. त्याचा हात उचलून माझ्या ओठावर ठेवला. बोट फिरलं आणि थांबलं.

"परत शूटिंग?"

"हा, बा."

धापा टाकत त्यानं उशीला डोकं टेकलं. मग म्हणाला, "थकी गऊ रे मी."

"मी बी थकनू, बा," मी म्हटलं. "पण थांब ना थोडा."