रांगेच्या शेवटी

“सगळ्यात शेवटी कोण बाहेर पडलं?” वनखात्याच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं.

शाळेच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकांवर टोळी अवघडून बसली होती. गुडघे पोटाशी, अंगाला धुराचा वास, पापण्यांच्या कडेला राख. डोंगरावरचा वणवा विझेपर्यंत मुलांना सुट्टी होती आणि त्यांच्या वर्गात या माणसांचा मुक्काम.

टोळीचा म्होरक्या, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी गवईच बोलला.

“दादा. आणखी कोण?”

“दादाच की,” मागच्या बाकावरून आवाज आला. मग सगळ्यांनीच माना हलवल्या. करवत चालवणारी ताई तेवढी खाली वाकली. ती बुटाच्या नाडीची गाठ सोडवत राहिली. नखं मोडतील इतक्या जोरानं.

“शाबास,” साहेब म्हणाले आणि पुढच्या टोळीकडे वळले.

वणव्यावर जाताना म्होरक्या पुढे, परतताना मागे, ही या कामाची रीत. आत शिरताना सगळ्यांचे डोळे त्याच्या पाठीवर, बाहेर पडताना त्याचे डोळे सगळ्यांच्या पाठीवर. दादाने ही रीत इतकी वर्षं पाळली होती की ती पाळतो आहोत हेही तो विसरला होता.

आणि काल वारा फिरला. जाळरेषेवरचं, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यावरचं, गवत खरवडता खरवडता त्याने मान वर केली, तर धूर आडवा झालेला. “सोडा सगळं! काळ्यावर चला!” तो ओरडला. काळं म्हणजे आधीच जळून गेलेली जमीन, जिथे आगीला खायला काही उरलेलं नसतं. हुकूम बरोबर होता. वेळही बरोबर होती. आवाज त्याचाच होता. पाय कुणाचे होते ते मात्र त्याला अजून कळलं नव्हतं. ते त्याला घेऊन पळाले. माणसांच्या कडेनं, माणसांच्या पुढून. काळ्यावर पोचून तो वळला तेव्हा मागे कुणीच नव्हतं. नुसता धूर.

मग धुरातून एकेक जण निघाला. सगळ्यात शेवटी ताई, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून लंगडणारा गवई. त्याच्या गुडघ्यानं ऐनवेळी दगा दिला होता. दादाला समोर उभा बघून गवई धापा टाकत म्हणाला, “आलो रे, आलो.” जणू दादा त्याची वाट बघायला थांबला होता.

गवई टोळीत सगळ्यात वयस्कर. हाती कुदळ असो की भाकरी, तोंडात एखादी ओळ जुळत असायचीच. साहेब पुढे गेल्यावर जेवणाच्या रांगेतही पोरांनी त्याला छेडलं.

“गवईबुवा, कालच्यावर झालं का काही?”

“झालंय ना. ऐका फुकट्यांनो.” त्याने ताटावर ठेका धरला.

आगीच्या डोंगरी, पुढे सारे गडी,
मागे भिंत खडी, दादा माझा.

सगळे वा वा म्हणाले. दादाच्या हातातला घास हातातच राहिला. गवई टोमणा मारत असता तर किती बरं झालं असतं! पण त्याच्या डोळ्यांत टोमणा नव्हता. फाटलेल्या जागेवर ठिगळ लावताना आईचा असतो, तसा जपून धरलेला हात होता त्या ओळींत.

तेवढ्यात घरून फोन आला. “अहो, साहेबांनी सगळ्यांना सांगितलंय म्हणे,” बायको म्हणाली. “पोरगी गावभर मिरवतेय. घ्या, बोला तिच्याशी.”

“बाबा, तुम्ही सगळ्यात शेवटी आलात ना?”

“इथे आवाज नीट येत नाहीये बाळा,” दादा म्हणाला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

वर्गामागच्या नळाशी ताई करवतीच्या दातांवर कानस फिरवत बसली होती. दादा तिच्यासमोर उभा राहिला.

“मी साहेबांना खरं सांगतो. टोळी तू घे.”

“बसा आधी. ऊन अडतंय माझं.”

तो बसला.

“सांगा ना,” ती म्हणाली. “तुमचं ओझं उतरेल. आणि आमचं?”

“तुमचं कसलं?”

“गवईकाका रात्रभर कण्हत होते, ऐकलंत? गुडघ्यानं नाही. मी विचारलं तर म्हणतात, ‘दादाला काही बोलू नकोस, त्याला लागेल.’ पोरं कशाला खोटं बोलली? तुम्हाला वाचवायला वाटतं तुम्हाला?” तिने कानस खाली ठेवली. “दुपारी परत वर जायचंय, दादा. मागे माणूस आहे असं वाटल्याशिवाय कुणाचा हात चालेल त्या उतारावर? म्हणून बोलली ती. स्वतःलाच सांगत होती.”

“आणि तू?”

“मला राग आलाय. येणारच. तो राहू दे माझ्यापाशी.”

तरीही तो साहेबांकडे गेलाच. नकाशावर वाकलेल्या त्या माणसाला त्याने सगळं सांगितलं. पळालो हा शब्द न गिळता. साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

“कोणी दगावलं?”

“नाही.”

“मग ऐका. हे मी लिहीन, वर जाईल, पावसाळ्यानंतर काय व्हायचं ते होईल. पण आज मला दुसरा माणूस कुठून मिळणार? धुमसणारी खोडं उकरायची आहेत. जा, घेऊन जा त्यांना.”

शिक्षा मिळाली असती तर तिच्याआड लपता आलं असतं. तेही नाही. दादा टोळी घेऊन वर गेला.

दुपारभर त्यांनी राख चाळली. खोडाखालची धग उघड्या तळहातानं चाचपली, पाणी मारलं, पुन्हा चाचपली. कुणी फारसं बोललं नाही. गवई गुडघ्याला पट्टा बांधून आला होता. ‘नको’ म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं.

उन्हं कलली तशी उतरायची वेळ झाली. दादा पायवाटेच्या कडेला उभा राहिला. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून “चल” म्हणत गेला. ताई थांबली नाही, पण खांदा आक्रसून घेतला नाही तिने. शेवटी गवई आला. त्याच्यामागून दादा उतरू लागला.

पहिल्या वळणावर गवईनं मागे वळून बघितलं.

“आहे मी,” दादा म्हणाला.

“हो हो. सहज बघितलं.”

थोडं पुढे गेल्यावर त्याने पुन्हा बघितलं. मग पुन्हा. दरवेळी ओशाळून हसला, दरवेळी काहीतरी निमित्त काढलं: पट्टा सुटला, कुदळ अडकली, तो पक्षी बघितलास का? इतक्या वर्षांत या माणसानं उतरताना कधी मागे बघितलं नव्हतं. आता तो वळायचा आणि त्या उतारावर त्याचा दुखरा पाय दरवेळी घसरायचा.

“मागे बघू नकोस, पडशील,” दादाच्या ओठांवर आलं. ते म्हणायचा हक्क काल धुरात राहिला होता.

त्याने हातातलं फावडं उलटं धरलं. पाऊल टाकलं की दांडा दगडावर आपटायचा. टक्. पुढचं पाऊल. टक्. पुढे चालणाऱ्या माणसाला मान वळवावी लागू नये, एवढ्या जोरानं.

गवईची मान वळता वळता मध्येच थांबली. तो पुढे बघून चालू लागला.

खालचे दिवे दिसू लागले, पायवाट सपाट झाली, बाकीचे नळाकडे पांगले. तरी दादा दांडा आपटतच होता.