पुड्या बंद केल्या त्याची गोष्ट

आई बागायतदार बापूंच्या वाडीत सुपारी सोलायची. बोटं आखडली, गुडघे गेले, तेव्हा ऐन हंगामात बापूंनीच बोर्लीच्या वैद्याकडून पुड्या आणल्या. "चहाबरोबर घे, रखमे. हात चालतील."

चालले. तीन वर्षं चालले. पण तोंड थाळीएवढं गोल झालं, मानेमागे मांसाचा गोळा आला, पोट सुटलं आणि पायांच्या काड्या झाल्या. जरा टेकलं तरी अंग काळंनिळं. वाडीतल्या बाया म्हणायच्या, "रखमा बघा, सुख अंगी लागलंय!" सुख, म्हणे!

मी अलिबागला झेरॉक्सच्या दुकानात कामाला. आईला ओढतच तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्या म्हणाल्या, "पुड्यांत स्टेरॉइड दिसतंय. मूत्रपिंडांवर दोन ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरूनच एवढं मिळाल्यावर त्यांनी काम सोडलंय." पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. बाहेर येऊन बापूंना फोनवर शिव्या घातल्या.

आई गोळ्या घेऊन आली. मी मोबाईलवर नाव टाकून बघितलं, तर तेही स्टेरॉइडच! म्हटलं, सगळे चोर. पुड्या आणि गोळ्या, दोन्ही खाडीत फेकल्या.

"आरं, ती बाय म्हनली, येकदम सोडू नको. हलू हलू कमी करायचं हाय."

"तू गप बस. तुला काय कळतंय?"

चौथ्या दिवशी उलट्या लागल्या. "अजित, अंगात जीवच न्हाय रं," म्हणाली. मी म्हटलं, विष उतरतंय, सोस थोडं. सहाव्या दिवशी श्रीवर्धनच्या दवाखान्यात नेताना ती रिक्षातच गेली.

तिथल्या डॉक्टरने अलिबागच्या डॉक्टरीणबाईंचा कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "गोळ्या कोणी थांबवल्या?"

"मी."

"ग्रंथी बंद होत्या तिच्या. त्या गोळ्यांवरच ती जगणार होती."

वैद्य भर बाजारात सांगत सुटला, "माझ्या पुडीनं कोण मेलं, नाव घ्या! सोडली म्हणून मेली." भडवा खोटं बोलत नव्हता. पुढच्या बाजाराला त्याच्या दारात दुप्पट माणसं.

कमरेसाठी माझा बाप, महिपत, त्याच पुड्या खातो. त्याचंही तोंड सुजलंय. मी पाया पडलो, "बाबा, अलिबागला चला. या वेळी डॉक्टरीणबाई सांगतील तसंच करू."

"आयला नेलीस तसा?" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दोनदा गाडी आणली. दोन्ही वेळा दाराला आतून कडी.

सोमवारी त्याच्या पुड्या संपल्या. मंगळवारी दुपारी त्याला उठून बसता येईना. मी बोर्लीला गेलो, वैद्याच्या रांगेत उभा राहिलो. त्याने मला ओळखलं. हसला नाही, एवढंच.

"कोणासाठी?"

"बापासाठी."

"किती दिवसांच्या?"

"महिन्याच्या द्या," मी म्हटलं.