टिटवीच्या पहाऱ्यावरची काठी

मित्रांनो, मला पाहून कुणी "सरपणाला बरी आहे" म्हटलं तरी मी रागवत नाही. अंगाला तडे गेलेली जुनी काठी मी, बघणाऱ्याला दुसरं काय सुचणार! पण ते तडे कसे गेले, ते तरी ऐका.

कोयनेच्या खोऱ्यात बांबूच्या बेटात माझा जन्म झाला. सुभेदार हंबीरराव फौजेतून साताऱ्याला परतले आणि त्यांचा गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा त्यांनी मला निवडलं. तेल पाजलं, तळाला लोखंडी टोपी बसवली.

मग दर रविवारी आमची फेरी सुरू झाली. यवतेश्वराचा घाट, अजिंक्यताऱ्याचा मागचा उतार, करवंदीच्या जाळ्या आणि खाली कोवळ्या उन्हातलं शहर. काय सांगू, सातारकरांच्या उशाला केवढं वैभव आहे! दहाबारा मंडळी सुभेदारांमागून चालायची. कुणी दमलं की ते मला त्याच्या हातात देत आणि स्वतः लंगडत चालत. असा मोठ्या मनाचा माणूस!

सगळ्यांत मागे असायच्या कस्तुरीताई. त्या सांगलीकडच्या जैन घरातल्या, साताऱ्यात लेकीकडे राहायला आलेल्या. पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून त्या खाली बघत चालत.

"आवं ताई, मुंग्यांची हजेरी घेताय व्हय?" सुभेदार चिडवायचे.

"तुमी वर बघा, सुभेदार. खाली बघायला मी हाय की," त्या हसत म्हणायच्या.

यंदा उन्हाळ्यात सुभेदारांच्या मनात आलं, आपली पायवाट छावणीसारखी देखणी करायची. फौजी माणसाला रस्त्याकडेचा दगड बिनरंगाचा बघवत नाही! एका शनिवारी त्यांनी चुना कालवला आणि वाटेकडेचे दगड ओळीनं पांढरेशुभ्र केले. डोक्यावर एक टिटवी केकाटत घिरट्या घालत होती. "वरडू दे," म्हणत ते रंगवतच राहिले.

रविवारी मंडळींनी वाहवा केली. कस्तुरीताई मात्र एकदम थबकल्या. दोन पांढऱ्या दगडांमध्ये चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची. कालपर्यंत ती दगडांत दगड होऊन लपली होती. आता चुन्यामुळे लांबूनही उठून दिसत होती. समोरच्या कातळावर कावळे येऊन बसलेच होते.

सुभेदारांचा चेहरा उतरला. "ताई, लय वंगाळ झालं माझ्या हातनं. आता काय करू?"

"अंड्यास्नी हात लावू नका. दगड हुते तसे करा."

तो ताठ माणूस दुखरा गुडघा टेकून मातीत बसला. बाटलीतल्या पाण्यात माती कालवून एकेक दगड माखू लागला. मंडळींनी कावळे हाकलले. शेवटी अंड्यांच्या थोडं अलीकडे, जिथून वरची वाट फुटते तिथं, सुभेदारांनी मला आडवं ठेवलं. "हितनं पुढं कुणी जायचं न्हाई," असं म्हणून ते काठीवाचून डोंगर उतरले.

टिटवी बराच वेळ लांबूनच बघत राहिली. माझा जीव टांगणीला लागला. ऊन कलल्यावर ती हळूच आली आणि अंड्यांवर बसली. हुश्श!

सुभेदारांची काठी सगळे ओळखत. येणारेजाणारे मला बघून वरच्या वाटेनं वळत. भर वैशाखात मी तिथं पडून होते, त्या उन्हानं मला तडे गेले. आणि एका सकाळी काडीसारख्या पायांची चार पिल्लं माझ्यासमोरून तुरुतुरु पळाली. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सुभेदारांनी मला उचललं, तड्यांवरून अंगठा फिरवला. घरी सुनेनं नवी, चकचकीत काठी आणून ठेवली होती. ती अजून कोपऱ्यातच उभी आहे.

"ताई, आता तुमी म्होरं व्हा," पुढच्या रविवारी फेरी निघताना ते म्हणाले. तेव्हापासून ते सगळ्यांत मागे असतात, खाली बघत.

मित्रांनो, डोंगरावर जरूर या. पण डोक्यावर टिटवी ओरडली, तर तिथंच थांबा आणि आधी पायाखाली बघा.