लामाराबाईंचा हात

कुताइसी शहरातल्या बुद्धिबळ क्लबाच्या स्पर्धेत माझ्यासमोर माझ्याच लामाराबाई बसल्या. ज्या मोहऱ्याला हात लागेल तोच खेळायचा, हे त्यांनीच मला कान पिळून शिकवलेलं. आज त्यांचा म्हातारा हात थरथरला आणि चुकून वजिराला लागला. वजीर हलवला की डाव गेला.

"लागला हात. हलवते," त्या म्हणाल्या.

"आधी 'नुसता नीट ठेवते' म्हणालात की तुम्ही! मग चालतं."

"मी तोंडही उघडलं नाही, मझिया."

"मी ऐकलं ना! उगाच वाद घालू नका, दुसरं काही खेळा."

बाईंनी डोळे वटारले, वजीरच हलवला आणि हरल्या.

"खोटं बोलायला कधी शिकवलं गं तुला?" म्हणत त्यांनी रीतीप्रमाणे हात पुढे केला. थरथर थांबेपर्यंत मी तो सोडलाच नाही.