चार बोटांची पट्टी

मी फ्रेमवाला. शाळेशी माझं चौथीतच बिनसलं, पण काटकोन कधी चुकला नाही. चुकलं ते वेगळंच.

एकोणीस वर्षांपूर्वी पाट्या रंगवणारा एक पेंटर माझ्याकडे नदीचं चित्र टाकून गेला. न्यायला आलाच नाही. त्याच आठवड्यात वारला. चित्र त्याच्या बायकोने नेलं.

परवा त्याची मुलगी ते घेऊन आली. काच तडकली होती. मी अवजारं काढेपर्यंत ती मोबाइलवर नकाशातल्या नद्या सरकवत बसली.

"काय हरवलं गं, पोरी?"

"ही जागा, काका. आई भांडणात बाबांना बोलून गेली, तुझ्यापायी माझं माहेर तुटलं. बाबा आठ दिवस गायब. आले ते हे चित्र घेऊन. कुठे होते, सांगितलंच नाही. आईला वाटतं, दुसरी कुणी होती. सोमवारी तिचं हृदयाचं ऑपरेशन आहे. म्हणते, त्याआधी एवढं कळू दे."

"मग?"

"नदीचं वळण आणि जोडटेकडी. असल्या जागा पैशाला पासरी!"

मी खिळे उपटले. मागच्या पुठ्ठ्याखालून जाड कागदाची पट्टी निघाली. चित्र हलू नये म्हणून मीच कोंबलेली. उलटी केली, तर रंगवलेली.

आता आठवलं. तेव्हा तयार फ्रेम चार बोटं लहान पडत होती. नवी करायचा आळस केला आणि चित्रच कापलं. म्हटलं, कडेचं तर आहे.

पट्टीवर पलीकडच्या काठावरची गिरणीची चिमणी होती. शेजारी निळ्या दाराचं घर.

"हे माझं पाप, पोरी," मी म्हणालो. शिव्या खायची तयारी होती.

ती पट्टीकडेच बघत होती. "आजोबा गिरणीत होते... पण ते तर म्हणालेले, जावई दिसला तर तंगडं मोडीन."

तिने आईच्या माहेरचं गाव नकाशात काढलं. वळण होतं. जोडटेकडी होती. चिमणी पाडलेली, पण तिचं गोल जोतं वरून स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी ती आईला घेऊन आली. बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. माहेरच्या घरावर बोट ठेवलं, मग समोरच्या काठावर.

"इथे बसला होता? आमच्या काठावरून टेकडी एकच दिसते, म्हणून ओळखली नाही."

"तिथूनच असं दिसतं, आई."

"आणि हा पूल?"

"पाच मिनिटांवर."

बाईंनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आठ दिवस बसला आणि पाच मिनिटं चालवेना. खुळा. मला म्हणायचं तरी, मी आले असते बरोबर."

डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "भाऊ, पट्टी जोडून द्या."

"सांधा दिसेल, वहिनी."

"दिसू दे. फक्त सोमवारच्या आत द्या."

रविवारीच दिली. लाकूड कापायच्या आधी कागद तीनदा मोजला.